साडेसातचे टायर

मार्गासनी, २४ मे १९५७

ती. रखमाजीमामांच्या पायांशी गेनबाचा नमस्कार पोचावा.

उत्रोलीच्या शेतातले राब भाजून झाले असतील आणि मामी मिरगाच्या तयारीत असतील. इकडं आई बरी आहे. तुमची जीपही बरी आहे. तुमची म्हणतो, कारण पुण्यात लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्यांच्या रांगेतून ही एक तुम्हीच इंजिनाला कान लावून निवडली होती. चार वर्षं झाली, रोज चालते. सकाळी मार्गासनीहून निघायचं, वेल्ह्यात मास्तर आणि तलाठी उतरवायचे, पुढं करवंदमाळाच्या वाडीपर्यंत चढायचं आणि दुधाच्या किटल्या घेऊन परत यायचं. जाऊन-येऊन अठरा मैल.

अडचण आहे ती वेल्ह्याच्या पुढच्या चार मैलांची. बैलगाड्यांच्या चाकांनी दोन्ही अंगाला खाचा पडल्यात आणि मधे वरंबा राहिलाय. त्या वरंब्याला जीपच्या मागच्या आसाचा गोळा टेकतो आणि चाकं नुसती फिरत राहतात. मग मी हॉर्न वाजवायचा, वाडीतली चार-पाच माणसं खाली उतरणार, मला आणि गाडीला शिव्या देणार आणि ढकलणार. त्यांची एक रीत आहे. जिथं चाक अडलं तिथं ढकलणाऱ्यानं जाताना खाचेत एक धोंडा टाकायचा, आणि पुढं महिनाभर त्या वाटेनं जो जाईल त्यानंही टाकायचा. सोजराबाई तर डोक्यावर भारा असला तरी पायानं धोंडा लोटून जाते.

याच सोजराबाईसाठी हे पत्र आहे. तिची सून सारजा हिची दोन मुलं जन्मताच गेली. दोन्ही बाळंतपणं वाडीवरच झाली. आता पुन्हा दिवस गेलेत. वेल्ह्याच्या नर्सबाईंनी या खेपेस स्पष्ट सांगितलंय, मूल आडवं राहतं, बाळंतपण भोरच्या दवाखान्यातच व्हायला पाहिजे. दिवस भरतील ते सप्टेंबरच्या अखेरीस. सारजाचा नवरा रायबा मेंढरं घेऊन देशावर गेलाय, तो दसऱ्याशिवाय येत नाही. मी सोजराबाईला शब्द देऊन बसलोय, "वेळ आली की जीप दारात लावीन आणि भोरला नेईन." ती म्हणाली, "दारात न्हाई आली तरी चालंल लेका, पर वाटंत बसू नगो."

पावसाळ्यात ती वाट म्हणजे नुसता काला. म्हणून माझ्या मनात आहे की सहा इंच जाडीचे टायर काढून साडेसातचे घालावेत. पुण्यात एकाकडं मोठ्या लष्करी गाडीचे पाच टायर आहेत, रिमही आपल्याच मापाची. गाडी दीड-पावणेदोन इंच उचलेल. एवढ्यात गोळा सुटतो, मी पट्टीनं मोजून बघितलंय. तुम्ही लढाईत गाड्या दुरुस्त केल्यात, तुमच्याइतकं या भागात कुणाला कळत नाही. हो म्हणावं.

आपला,
गेनबा

*

भोर, १ जून १९५७

चि. गेनबा,

तू टायर विचारलेस. मी तुला रस्ता विचारतो.

इंग्रज गेला, संस्थान गेले, दोन निवडणुका झाल्या, आणि वेल्ह्याच्या पुढे चार मैल बैलगाडीच्या खाचाच राहिल्या. का राहिल्या? कारण ज्याच्या हातात काही करण्याचे बळ आले, त्याने ते स्वतःची चाके उंच करण्यात खर्च केले. पूर्वी साहेब घोड्यावर बसून चिखलातून जायचा. त्याला चिखल लागत नसे, म्हणून चिखल तसाच राहिला. आज तू घोडा बदलतो आहेस. तुझा गोळा वरंब्यावरून सुटेल, मान्य. पण डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्या बाईला तू दीड इंच उचलणार आहेस काय? ज्याला अडचण लागत नाही त्याला ती दिसत नाही, आणि ज्याला ती दिसते त्याच्या हातात गाडी नसते. आपल्या देशाचे अर्धे दुखणे एवढ्यात आले.

मी तीन वर्षे भोरच्या प्रत्येक सभेत हेच सांगतो आहे की खेड्याला मोटार नको, आधी वाट द्या. माझ्या भाच्यानेच उलटे करावे हे मला पटत नाही. टायर घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सारजाबाईंसाठी सोपा उपाय आहे. ऑगस्टमध्येच, वाट धड असताना, त्यांना उत्रोलीला आपल्या घरी आणून सोड. तुझी मामी बाळाबाई म्हणते, "माझ्या लेकीसारखी ठेवीन." भोरचा दवाखाना घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. दीड-दोन महिने राहतील. संकोच करू नये.

रखमाजी

*

मार्गासनी, २१ जुलै १९५७

ती. मामांस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. पाऊस फार आहे.

मामींचा निरोप सोजराबाईला सांगितला. तिला बरं वाटलं, पण सारजा दोन महिने आधी येऊ शकत नाही. घरात सहा म्हशी आहेत आणि त्या सारजाच्या हाताशिवाय पान्हा सोडत नाहीत. सोजराबाईनं सुनेचं लुगडं नेसून, तोंडावर पदर घेऊन एकदा धार काढायला बसून बघितलं. म्हशीनं वळून हुंगलं आणि किटली लाथाडली. सोजराबाई म्हणते, "जनावर हाय म्हून काय येडं हाय व्हय? तिला सासू कळती." तेव्हा शेवटच्या आठवड्यातच आणायचं ठरलं आहे.

गाडीचं उत्तम चाललंय. या पावसात एकदाही अडलो नाही. वाडीवरची माणसंसुद्धा नवल करतात.

एक विचारायचं राहिलं. मीटरमध्ये बहुतेक बिघाड आहे. जाऊन-येऊन अठरा मैल व्हायचे, ते आता सोळाच दाखवतो. रोज सोळा. तार सैल झाली असेल का? घरी उघडता येईल असं असेल तर कळवावं.

गेनबा

*

भोर, २७ जुलै १९५७

चि. गेनबा,

मीटरला काही झालेले नाही. तो प्रामाणिक आहे. तेवढा एकच प्राणी तुझ्या गाडीत प्रामाणिक आहे.

मीटर रस्ता मोजत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. चाकाचा घेर वाढला की त्याच वाटेला फेरे कमी लागतात. अठराचे सोळा केव्हा होतात, हे मी पाटीवर मांडून पाहिले. सहाचे काढून साडेसातचे घातले की बरोबर होतात. पुण्याला कधी गेला होतास?

तू मला विचारलेस, मी नाही म्हटले, आणि तू घातलेस. घातलेस ते घातलेस, वर मलाच विचारतोस की तार सैल झाली काय.

आता नीट वाच. मीटर वीस दाखवतो तेव्हा तू बावीसच्या वर धावत असतोस. चढावर पहिल्या गिअरची ओढ कमी झालेली असेल. ब्रेक उशिरा लागेल. चाक पूर्ण वळवलेस तर टायर कमानपाट्याला घासेल. तेव्हा शेवटपर्यंत वळवू नकोस, वळणावर मागे-पुढे घे. आणि सवड मिळताच ते टायर उतरव. रोज चालणाऱ्या गाडीला ते सोसणार नाहीत. का सोसणार नाहीत हे लांबलचक आहे, पत्रात लिहीत नाही. मी सांगतो म्हणून उतरव.

रस्त्याबद्दल माझे म्हणणे तेच आहे. उलट तू ते सिद्ध केलेस. आता तुला रस्त्याची गरज उरली नाही.

रखमाजी

*

मार्गासनी, १८ ऑगस्ट १९५७

ती. मामांस नमस्कार.

चोरी पकडली गेली, कबूल आहे. तुम्हाला न सांगता केलं ही माझी चूक. पण केलं ती चूक नाही, आणि हे मी तुमच्यापुढं उभा राहूनही म्हणेन.

सात आठवड्यांत काय काय झालं ते सांगतो. पान लागलेला, म्हणजे साप चावलेला, एक माणूस मी करवंदमाळावरून वेल्ह्याला पाऊण तासात आणला, तो जगला. मास्तर एक दिवस चुकले नाहीत. दूध एक दिवस नासलं नाही. स्टिअरिंग जड झालंय, संध्याकाळी खांदे भरून येतात, पण फुकट काय मिळतं? तुम्ही म्हणता उतरव, आणि कारण विचारलं तर म्हणता लांबलचक आहे. मामा, तुमच्या पत्रांत रस्त्यावर चार चार पानं असतात, कारणाला जागा का नसते? आणि तो रस्ता तरी कुठं आहे? तीन वर्षं तुम्ही भोरला बोलताय. त्या बोलण्यानं करवंदमाळावर एक पाटी मुरूम पडलेला नाही. माझ्या टायरांनी निदान एक माणूस वाचवला.

तुमचा सगळा राग त्या साहेबाच्या घोड्यावर आहे. मी साहेब नाही. मी गेनबा, रोज तीच वाट चढणारा.

वाडीवर सगळं ठीक आहे. आता मला कुणाला हाक मारावी लागत नाही. सोजराबाई म्हणत होती, "पयलं गाडी अडायची तवा तुजं तोंड दिसायचं. आता नुसता धूर दिसतो." सावळा गाडीवान तेवढा कुरकुरतो. म्हणतो तुझ्या टायरांनी खाचा खोल झाल्या, माझा बैल गुडघाभर रुततो. त्याला म्हटलं, मग दूध माझ्या गाडीत दे.

सारजाला नर्सबाईंनी परवा तपासलं. मूल अजून आडवंच आहे. २९ सप्टेंबरच्या सुमाराचे दिवस. २२ तारखेला मी तिला तुमच्याकडं घेऊन येतो, मामींना सांगून ठेवावं.

गेनबा

*

भोर, ९ सप्टेंबर १९५७

चि. गेनबा,

तुझे पत्र तीन आठवडे खिशात घेऊन फिरलो. रागाने नव्हे. तू विचारलेस की कारणाला जागा का नसते. ते कारण मी तेरा वर्षांत कुणालाच सांगितलेले नाही, तुझ्या मामीलाही नाही.

१९४४ साली मी मणिपूरच्या बाजूला होतो. भोंगवलीचा कुंडलिक नावाचा ड्रायव्हर माझा सोबती होता. त्याची जीप चिखलात रोज बसायची आणि तो रोज माझ्या मागे लागायचा. मी हुशार होतो. मोडक्या ट्रकचे मोठे टायर मी त्याच्या जीपला बसवून दिले. कुणी हुकूम दिला नव्हता, माझी स्वतःची अक्कल होती. पंधरा दिवस तो सगळ्यांना सांगत सुटला की माझ्या रखमाजीने गाडीला पंख लावले. सोळाव्या दिवशी उतारावर पुढच्या डाव्या चाकाचा आर्म, म्हणजे चाक वळवणारा लोखंडी दांडा, तुटला. स्टिअरिंग फिरवले तरी चाक वळेना. गाडी दरीत गेली.

तुटलेला आर्म मी हातात घेऊन पाहिला. तडा जुना होता, अर्ध्यापेक्षा जास्त लोखंड आधीच सुटलेले होते. जड चाक प्रत्येक दगडावर त्या आर्मला पिळत होते. कुंडलिकच्या आईला, धोंडाबाईला, मी सांगितले की शत्रूचा गोळा पडला. दर संक्रांतीला मी भोंगवलीला जातो. तिच्या हातचा तिळगूळ खातो आणि परत येतो.

मी तुला रस्त्याचे तत्त्व सांगितले. ते खोटे नाही, मी आजही त्याच्यासाठी भांडेन. पण ते मी पुढे धरले, कारण त्याच्या मागे मला लपता येत होते. मोठ्या गोष्टीवर बोलताना माणसाचा आवाज चढतो आणि लहान गोष्ट सांगायची राहून जाते. जूनमध्ये सांगायची होती ती लहान गोष्ट अशी: डाव्या चाकाचा आर्म सोडव. धुऊन पूस. त्याला रॉकेल लाव, पंधरा मिनिटे ठेव, कोरडा पूस आणि वरून खडू फास. तडा असला तर खडूवर काळी रेघ उमटते. रेघ दिसली तर त्या गाडीत बसू नकोस. एवढेच. तुझ्या गाडीतून जाणाऱ्या मास्तरांच्या खडूने काम झाले असते.

पत्र मिळताच हे कर. बाकीचे नंतर बोलू.

रखमाजी

*

वेल्हे, २६ सप्टेंबर १९५७

ती. मामांस नमस्कार.

तुमचं पत्र मला १३ तारखेला मिळालं. आर्म १० तारखेला तुटला.

मी रिकामा चढत होतो. वळणावर स्टिअरिंग एकदम हलकं झालं, हातात काहीच नाही असं. गाडी आतल्या अंगाला बांधाला जाऊन धडकली. बाहेरच्या अंगाला गेली असती तर हे पत्र आईनं कुणाकडून तरी लिहून घेतलं असतं. तुटक्या आर्मवर खडू लावायची गरज नव्हती. निम्मं लोखंड गंजून काळं पडलं होतं, निम्मं ताजं होतं. तुम्ही लिहिलंय तसंच.

मी तुम्हाला कळवलं नाही. तुमचं म्हणणं इतकं खरं ठरलं होतं की तोंड दाखवायची लाज वाटली. पुण्याच्या माणसाला नवा आर्म पाठव म्हणून लिहिलं आणि वाट बघत बसलो. सोजराबाईला म्हटलं, चार दिवसांत गाडी उभी राहील. दहा दिवस मी लाज सांभाळली.

२० तारखेला सकाळी सारजाला कळा सुरू झाल्या, नऊ दिवस आधी. सावळानं बैलगाडी जुंपली, तिला गवतावर निजवलं आणि निघाला. दोन फर्लांगही गेला नाही. माझ्या टायरांनी पाडलेल्या खाचांत गाडीची चाकं आसापर्यंत गेली आणि बैल बसले. या वर्षी एकाही ठिकाणी धोंडा पडलेला नव्हता, मामा. एकाही ठिकाणी नाही.

मग त्यांनी घोंगडीची झोळी करून बांबूला बांधली. पुरुष थोडे, बाकीचे मेंढरांमागं गेलेले. बायकांनीही खांदे दिले. मला निरोप मिळाला तेव्हा मी वेल्ह्यात, ओढून आणलेल्या जीपखाली होतो. धावत वर गेलो, ते मला निम्म्या वाटेत भेटले. खांदा देणाऱ्यांतल्या साळूबाईचा खांदा सोलला होता, तिच्या जागी मी लागलो. चार मैलांना तीन तास लागले. माझ्या पायाला माझीच खाच लागत होती.

सोजराबाई झोळीशेजारी सुनेचा हात धरून चालत होती. मी म्हटलं, "मावशी, मी शब्द मोडला." ती म्हणाली, "शब्दाचं मागनं बघू. तू एक सांग, अडत हुतास तर हाक का मारली न्हाईस?" मी म्हटलं, "अडत नव्हतो. टायर मोठे होते." तिनं सुनेच्या अंगावरची घोंगडी सारखी केली. मग म्हणाली, "आमाला वाटलं वाट झाली. गाडी शिदी जातीया, हाक येत न्हाई, म्हंजी वाट झाली. म्हून कुनी धोंडा टाकला न्हाई."

तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलं होतं की ज्याला अडचण लागत नाही त्याला ती दिसत नाही. मी ते भाषण समजून बाजूला ठेवलं. पण मामा, पूर्ण तुमचंही बरोबर नव्हतं. रस्ता कुणी केला नव्हता असं नाही. तो रोज होत होता, माझ्या अडण्यानं. मी अडायचं थांबलो आणि तो व्हायचा थांबला.

भोरला न्यायला वेळच नव्हता. नर्सबाईंनी इथंच वेल्ह्यात हात घालून मूल फिरवलं. मुलगी झाली. श्वास उशिरा आला, पण आला. अजून अंगावर पीत नाही. कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब दूध घालतात. सारजाला ताप आहे. नर्सबाई म्हणतात हलवायचं नाही, आठ दिवस गेले तर बघू. आज सहावा दिवस. मी दवाखान्याच्या पडवीत बसून हे लिहितोय. आर्म अजून आलेला नाही.

गेनबा

*

भोर, ४ ऑक्टोबर १९५७

चि. गेनबा,

तसला आर्म माझ्या गाड्या दुरुस्तीच्या दुकानात दारामागे खुंटीला टांगलेला आहे. दोन वर्षे तिथेच आहे. तू १० तारखेला एक कार्ड टाकले असतेस तर १३ ला मी तो घेऊन आलो असतो. आणि मी जूनमध्ये चार ओळी नीट लिहिल्या असत्या तर तो लागलाच नसता. दोघांनी मिळून ती झोळी उचलायला लावली. आपण मामा-भाचे शोभतो.

तुझ्या पत्रातले ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, की रस्ता तुझ्या अडण्याने होत होता. तीन वर्षे मी व्यासपीठावरून सांगत आलो की रस्ता मागून घ्या. वाडीवरची म्हातारी पायाने धोंडा लोटून तो करत होती, हे मला माहीत नव्हते. तू मेच्या पत्रात लिहिले होतेस. मी ते वाचले आणि पुढे सरकलो, कारण मला उत्तर आधीच पाठ होते.

परवा २ तारखेला इथे सभा होती. विषय ग्रामीण रस्ते, वक्ता मी. उभा राहिलो आणि तुझे पत्र वाचून दाखवले, नावे गाळून. मग म्हटले, रविवारी कुदळ घेऊन वेल्ह्याला जाणार आहे, ज्यांना यायचे त्यांनी यावे. टाळ्या पडल्या. अकरा हात वर झाले. किती येतील ते एस.टी. सुटताना कळेल.

काल भोंगवलीला गेलो होतो. धोंडाबाईला सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. मग म्हणाली, "मंग आता संक्रांतीला यायचा न्हाईस का?" मी म्हटले, येईन. ती म्हणाली, "गोळ्यानं गेला म्हंजी कुनी लांबच्यानं मारला. तुज्या हातनं गेला म्हंजी जवळच्यानं. मला जवळचं बरं." मला त्याचा अर्थ अजून पुरता कळलेला नाही.

आर्म, सहाचे जुने टायर बसवायला लागणारी हत्यारे आणि बाळाबाईने दिलेला डिंक घेऊन रविवारी येतो. मुलीचे काय झाले ते येण्याआधी कळवू नकोस. पत्र वाटेत चुकेल. मी समोर येऊनच विचारीन.

रखमाजी

*

मार्गासनी, २४ नोव्हेंबर १९५७

ती. मामांस नमस्कार.

तुम्ही परत गेल्याला महिना झाला. तुमच्यासोबत अकरांतले दोघेच आले, त्याचं तुम्हाला वाईट वाटलं होतं. इथं कुणाला वाटलं नाही. सोजराबाई म्हणते, "भोरवरनं तीन मानसं धोंडं टाकाया आली, म्हंजी लईच झालं. आमच्याकडं मत मागाया बी येवढी येत न्हाईत." तुम्ही सतरा दिवस मुरूम टाकलात आणि एकदाही भाषण केलं नाहीत, याची चर्चा अजून आहे. कराल म्हणून सावळानं पैज लावली होती, हरला.

तुम्ही सांगितल्याप्रमाणं दर पंधरा दिवसांनी आर्म सोडवून खडू लावतो. रेघ नाही. मीटर पुन्हा अठरा दाखवतो. सहाच्या टायरांवर आठवड्यातून दोनदा तरी अडतो. हॉर्न वाजवला की माणसं येतात, शिव्याही पूर्वीच्याच आहेत. रायबा देशावरून आला आणि दुसऱ्याच दिवशी गाडी ढकलायला लागला. मी त्याच्याकडं बघू शकत नव्हतो. त्यानं नुसतं विचारलं, "कुठल्या अंगाला लावू खांदा?" खालच्या दोन वळणांवर धोंडे इतके बसलेत की तिथं आता बैलगाडी सरळ जाते. वरचं वळण राहिलंय.

साडेसातच्या टायरांचं काय केलंस, असं तुम्ही विचारलंय. पुण्याला परत देणार होतो. सोजराबाई म्हणाली, "दिऊ नगो. दुसऱ्या कुनाच्या गाडीला लावतील." मग वाडीतल्या नाथानं ते कापायला घेतले. सुरीला पाणी लावत लावत चार दिवस कापत होता. पाच टायरांतून पंचवीस जोड वहाणा निघाल्या. वाडीत चालती माणसं बावीस. तीन जोड उरले, त्यातला एक तुमचा. तुमच्या पायाचं माप विचारलं नाही. वरच्या वळणावर ओल्या मुरमात तुमचं पाऊल उमटलेलं होतं, नाथानं सुतळीनं मोजून आणलं. एस.टी.च्या कंडक्टरकडं दिलाय, उतरवून घ्यावा. जड आहे. सोजराबाईचा निरोप आहे, "मामास्नी म्हणावं, भाषणाला ह्येच घालून उबं ऱ्हा. पाय लवकर भरून येतील."

मुलगी बरी आहे. तुम्ही होतात तेव्हा नुसती तोंड लावायची, आता ओढून पिते आणि सोडवली की भांडते. सारजा धारेला बसायला लागली, म्हशींनीही तिला ओळखलं. गेल्या सोमवारी मुलीला देवी टोचायला वेल्ह्याला न्यायची होती. मी जीप दारात लावली. आधीच्या शब्दाची तेवढी तरी भरपाई व्हावी असं मनात होतं. सारजा मुलीला घोंगडीत घेऊन, नव्या वहाणा घालून बाहेर आली आणि जीपच्या बाजूनं पुढं निघाली. म्हटलं, बस की. ती म्हणाली, "चालते म्या. वाट चालायजोगी झालीया."

मला हॉर्न वाजवून पुढं जाता आलं असतं. गेलो नाही. वेल्ह्यापर्यंत चार मैल पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागं मागं आलो. तलाठी तासभर खोळंबले होते, फार रागावले.

आपला भाचा,
गेनबा